दमाईचा चढ

जिल्ह्यातले कोणते डोंगर नुसतेच डोंगर आहेत आणि कोणत्या डोंगरांना दंतकथा आहे, याची सरकारी पडताळणी व्हायची राहून गेली होती. ती एका दिवसाच्या दौऱ्यात उरकायचं ठरलं. ज्या डोंगराला दंतकथा त्याला पर्यटन दर्जा, आणि ज्याला दर्जा त्याला डांबरी रस्ता, असं धोरण होतं.

देविदास राठोडला दंतकथेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला रस्ता हवा होता, आणि तोही सोयरिकीसाठी. त्याचा तांडा औंढ्यापलीकडच्या एका डोंगरमाथ्यावर. पोरगा सेवा देखणा, कामाला वाघ. खालच्या तांड्यावरच्या दिपाने त्याला पसंतही केलं होतं. पण दिपाचा बाप रतनसिंग एकाच अटीवर अडून बसला होता.

"माझ्या दारातून निघालेली गाडी तुमच्या दारात थांबली पायजे. पोरगी काय चढावर ढकलत आणू?"

म्हणून देविदास सकाळीच औंढ्याला जाऊन पडताळणी अधिकारी किशनराव यांच्या जीपमध्ये बसला. पहिल्या डोंगरावर भीमाची चूल निघाली. दुसऱ्यावरही भीमाचीच. तिसऱ्यावर चुलीसोबत पाटा-वरवंटाही होता.

"पांडवांचा कोटा संपला," किशनराव म्हणाले. "एवढे स्वयंपाक होत होते, तर वनवास कसला?"

पुढच्या डोंगराने सीतेची न्हाणी दाखवली, पण तिला पाणीपुरवठ्याचा ना-हरकत दाखला नव्हता. त्यापुढच्या डोंगरावर राक्षसाचं पाऊल होतं. ते डावं होतं, आणि उजवं हजर करता आलं नाही.

"आता तुमचा डोंगर. तिथे काय आहे?"

देविदासने भीमाची चूलच पाठ करून ठेवली होती. पण पांडवांचा कोटा तर संपला होता. "गुरं चरून राहिली, सायब. बाकी काय न्हाई."

पायथ्याशी जीप थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता. किशनराव पायी निघाले आणि निम्म्या चढावर चिंचेच्या झाडाखाली मटकन बसले. तोंड लालबुंद, शब्द फुटेना. देविदासची बायको बेबीबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथे वाट बघतच होती.

"हे... काय होतंय मला?"

"इथं लागतंच, सायब," बेबीबाई म्हणाली. "समद्यायला लागतं. माझ्या सासऱ्यालाबी लागायचं."

तिला धाप म्हणायचं होतं. पण मराठीत धाप लागते तसं भूतही लागतं, आणि किशनराव सकाळपासून या दुसऱ्या लागण्याच्याच शोधात होते.

"कोण आहे इथे? काय लागतं?"

"दम लागतो, सायब. दम, बाई!"

"दमाई!" किशनराव ताडकन उठले. "दमाई देवी! चढणाऱ्याचा श्वास नैवेद्य म्हणून घेते!"

"आवो न्हाई, रस्ता न्हाई म्हून..." बेबीबाई सांगू लागली, तोच देविदासने तिला कोपराने ढोसलं.

"व्हय सायब, बराबर. दमाईच." खोटं बोलताना त्याला लाज वाटली, पण डोळ्यांपुढे सुनेची गाडी होती. तो चिंचेच्या पाया पडला. हसू दाबत बेबीबाईही पडली.

मंजुरी आली. तांड्यावर गूळ वाटला गेला, रतनसिंगने लग्नाची बोलणी पुढे नेली. मग आखणी करणारी माणसं आली आणि त्यांनी चुन्याची रेघ पायथ्याशीच थांबवली.

"वरती काहून न्हाई?" देविदासने विचारलं.

किशनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं. "देविदासराव, वर गाडी गेली तर दम कोणाला लागेल? दम लागला नाही तर दमाई कुठे उरली? आणि दमाईच नसेल तर रस्ता कशाच्या नावावर द्यायचा? रस्ता मंजूर आहे, म्हणूनच तो करता येत नाही."

देविदास रडकुंडीला आला. "सायब, देवी खोटी हाय. बायको नुसती धाप म्हनली."

"असं बोलू नका. भावना दुखावतील."

"कुनाच्या?"

"ते अजून ठरायचं आहे."

पायथ्याला ऐसपैस वाहनतळ झाला. चढाला 'संरक्षित चढ' अशी पाटी लागली आणि त्यावरचा दगड हलवायलाही मनाई झाली. तांड्यातली माणसं पावसाळ्यानंतर वाट सारखी करून घ्यायची, तेही बंद पडलं. रतनसिंगने दिपाची सोयरीक वसमतकडे जुळवली. सेवाला ते फार लागलं. या लागण्याची पडताळणी करायला मात्र कोणी आलं नाही.

आता दर रविवारी लांबलांबून गाड्या येतात. पुढच्या सुट्टीत तुम्हीही जाल. चिंचेखाली टेकाल, धापा टाकत फोटो काढाल आणि म्हणाल, "बरं झालं बाई, इथे रस्ता झाला नाही ते! किती अस्सल राहिलंय!" बेबीबाई तुम्हाला तांब्याभर पाणी देईल आणि अगदी साधेपणाने विचारेल, "एवढं आवडलं, तर तुमची पोरगी द्या की आमच्या सेवाला."

तेव्हा तुम्हाला जो दम लागेल, तो चढाचा नसेल.