पान अकरावरचा वळू

"एका महिन्यात! फक्त एका महिन्यात चित्रपुस्तकांतून पोरांना अख्खं शिवार, जंगल आणि गोठा शिकवतो. नाही शिकवला, तर शाळा सोडल्याचे सहाच्या सहा दाखले माझ्या हातानं लिहून देतो!"

शाळा समितीच्या बैठकीत असं म्हणून दयानंद गुरुजींनी टेबलावर हात आपटला आणि टेबलाचा एक पाय निखळला. शहाणा माणूस तिथंच थांबला असता.

गोष्ट अशी, की निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या चिंचवंडीच्या शाळेत पोरं अठरा. त्यातल्या सहा जणांच्या बापांनी इंग्रजी शाळेची पिवळी बस बघून ठेवलेली. सहा गेली की शाळेला कुलूप लावायचा कागद वर तयारच! कागद तयार ठेवण्यात आपलं सरकार कधी मागं राहत नाही. समितीचा अध्यक्ष बसवंत हा त्या सहा बापांचा पुढारी. त्याची तनुजा तिसरीत.

"बरं सर," बसवंत म्हणाला, "पुढल्या महिन्यात विस्तार अधिकारी मॅडम यायलेत. त्यांच्यासमोर कळंल. पोरं शिकली दिसली तर तनुजा इथंच. न्हाईतर बस!"

आता गुरुजींचं जनावरांशी नातं म्हणाल, तर ते वाढले लातुरात, तिसऱ्या मजल्यावर. घरातलं जनावर म्हणजे पाल! आणि वरून जी पुस्तकांची पेटी आली, तिच्यातली चित्रं काढणारा बहुतेक पाचव्या मजल्यावर राहत असावा. गाईला नटीसारख्या पापण्या, ओठ गुलाबी, आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहून दात काढतेय! शेतकऱ्यांच्या पोरांना असली गाय दाखवायची आणि वर विचारायचं, शिकत का नाहीत म्हणून!

पहिल्याच दिवशी तनुजानं हात वर केला.

"गुरुजी, हिची कास कुठाय?"

"कास म्हणजे?"

वर्ग गार!

"मग दूध कुठून देती ही?"

"पिशवीतून," असं सांगून गुरुजी मोकळे झाले.

तीन आठवडे हेच. काळ्या कोटातला पेंग्विन बघून पोरं म्हणाली, "असले निलंग्याच्या कोर्टात लई हायत."

मॅडम यायला दोन दिवस उरले आणि पेटीच्या तळाशी खऱ्या फोटोंचं एक पुस्तक सापडलं. पान अकरा! पानभर देवणी जातीचा वळू. कपाळ परातीएवढं, वशिंड देवळाच्या कळसासारखं. पोरं जागेवरून उठली. पुस्तकावर तुटून पडली.

"गुरुजी, किती दाती हाय ह्यो?"

गुरुजींना काय माहीत! पण आपल्याला येत नाही ते गृहपाठाला द्यायचं, ही मास्तरकीतली सगळ्यात जुनी युक्ती. त्यांनी पानाचा फोटो काढला, कडा छाटल्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या शाळेत देवणी वळू! वय किती, दात किती, ओळखा. गुरुवारी अकरा वाजता शाळेत भेटू."

संध्याकाळपासून फोन गोमेसारखा वळवळायला लागला.

"सरकारी हाय का?"

"हो. जिल्ह्याकडून. मोफत."

"सभावानं कसा?"

"एकदम शांत. पहिलीतली मुलंसुद्धा मांडीवर घेऊन बसतात."

"घरी न्यायला मिळंल का?"

"रजिस्टरला सही करा, न्या. आठ दिवसांनी परत."

"खायाला काय घालायचं?"

पुस्तकाला खायला? गुरुजींना वाटलं, पालक गंमत करतायत. त्यांनीही केली. "काही नको. फक्त ओल लागू देऊ नका."

"दिवसाला किती जणींचं व्हतंय?"

"अठराच्या अठरा. रांगेनं. दहा-दहा मिनिटं."

 यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

गुरुजींची छाती फुगली. पालकांचा असला सहभाग मराठवाड्यात कुठं झाला असेल? ते बिचारे सुखानं झोपले. तो फोटो मात्र झोपला नाही. तो चिंचवंडीतून शेजारच्या गावात, तिथून हद्द ओलांडून कर्नाटकात गेला.

गुरुवारी दहाला गुरुजींनी फाटक उघडलं. बाहेर तेवीस गाई! रांग पार रस्त्यापर्यंत. पुढं सिद्धम्मा नावाची म्हातारी, पहाटे उठून हद्दीपलीकडून गाय चालवत आलेली.

"मास्तर, दीड वर्सानं माजावर आलीया आमची गौरी. आजचाच दिवस हाय बगा. उद्या उतरंल. लवकर दाखवा."

"दाखवू की, आजी! मॅडम येऊ द्या. सगळ्यांना दाखवू."

"अय्यो, सगळ्यान्ला कशाला? तुमच्या त्याला दाखवा!"

"माझ्या कुणाला?"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात जीप आली.

विशाखा मॅडम उतरल्या. त्याही लातूरच्याच, पण चौथ्या मजल्यावरच्या.

"या गाई कशासाठी?"

गुरुजींना स्वतःलाच माहीत नव्हतं. पण नोकरीत पंधरा वर्षं काढलेली जीभ आपोआप बोलली, "प्रत्यक्ष अनुभव, मॅडम! चित्राशी पडताळणी!"

पोरांना एवढंच पाहिजे होतं. पुस्तकं घेऊन ती गाईंमध्ये घुसली. तनुजानं गौरीचा जबडाच उघडला.

"बगा मॅडम, आठ दाती. म्हंजी पाचाच्या पुढं. पुस्तकातली गाय हसती, खरी हसत न्हाई. आन् दूध पिशवीतून येत न्हाई. तेवढं आमच्या गुरुजींना सांगा!"

मॅडम भराभरा लिहीत होत्या. गुरुजी घाम पुसत होते. बसवंत मिशीला हात लावून बघत होता. सगळं जमत आलं होतं हो! आणि सिद्धम्माचा धीर सुटला.

"भाषणं झाली असली तर वळू सोडा!"

"वळू सोडा!" मागून बावीस आवाज.

"शाळेत वळू आहे?" मॅडम दोन पावलं मागं सरकल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसल्या.

आता कुठं गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. इतका, की डोळ्यांपुढं अंधारी आली! ते वर्गात गेले. बाहेर आयांनी पोरं मागं ओढली, बाप्यांनी दोर आवळले. गुरुजी आले. हातात पुस्तक. त्यांनी पान अकरा उघडलं.

गाईसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या.

सिद्धम्मानं पान पुढून बघितलं. मागची बाजू दिसंल म्हणून उलटून बघितलं. मागं उंट होता.

"ह्यो?"

"…हो."

"मास्तर, माझी गाय साळंत गेलेली न्हाई हो!"

जो हशा पिकला, तो कर्नाटकात ऐकू गेला असेल. बसवंत मात्र हसला नाही. चारचौघांत गावाची अब्रू गेली होती.

"सर, दाखले काढा."

सिद्धम्मा तिकडं रडकुंडीला आलेली. कुणीतरी नळीनं गाय गाभण करणाऱ्या डॉक्टरला फोन लावला. तो अर्ध्या तासात फटफटीवर आला, मागं वळूंचं गोठवलेलं बीज ठेवायचं नायट्रोजनचं भांडं बांधलेलं. त्यानं पिशवी उघडली आणि आतून काढलं एक गुळगुळीत पुस्तक! पानापानावर वळूचा फोटो!

"बोला आजी, कोणता पाहिजे?"

सिद्धम्मानं त्या पुस्तकाकडं बघितलं, मग गुरुजींकडं, मग परत पुस्तकाकडं. तिला काहीच कळेना. कुणालाच कळेना! शेवटी ती म्हणाली, "मला कुठं वाचाय येतंय? ये गं पोरी, तू सांग."

तनुजा पुढं झाली. पानावर बोट ठेवून घडाघडा वाचत गेली. जात, वय, आईचं दूध, बापाचं गाव. पान नववर ती थांबली. "आज्जी, ह्यो घ्या. पाय बगा त्याचे." डॉक्टरनं मान डोलावली. मागची रांग म्हणाली, "आता आमच्यासाठी वाच की, बाई!"

बसवंत तोंड उघडं टाकून बघत राहिला. पोरगी इतकं वाचते हे बापाला आज कळत होतं. तो गुरुजींजवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "दाखले ऱ्हाऊ द्या, सर."

शाळा वाचली. गुरुजींनी वाटल्यास इथंच पेढे वाटावेत.

पण मॅडमनी जीपमध्ये बसून अहवाल आधीच लिहिला होता, पान अकरा उघडायच्याही आधी! पंधरा दिवसांनी पत्र आलं, "शाळेत वळू ठेवण्याचा उपक्रम स्तुत्य. वळूचा मासिक अहवाल न चुकता सादर करावा." गुरुजी धावत निलंग्याला गेले. बाबू म्हणाला, "नोंद वर गेली, सर. आता कमी करता येत नाही."

तेव्हापासून गुरुजी दर महिन्याला अहवाल भरतात. चारा, निरंक. शेण, निरंक. वर्तन, समाधानकारक.

परवा पहिलीतल्या कुणीतरी पान अकरा फाडलं. गुरुजींनी वळू मेल्याचं कळवलं, तर नोंद कमी करायला वरून एकच कागद मागतायत. गुरुजी सध्या शवविच्छेदनाचा दाखला शोधत फिरतायत!