गोदाक्कांचं बिनडागी कपाट

एका जंगलात, बाळांनो, लग्नाची घाई चालली होती. लग्न होतं केतकीचं. केतकी म्हणजे गोदाक्का बिबटीण यांची मुलगी. आधीची दोन स्थळं ऐनवेळी मोडली होती. म्हणून ह्या खेपेला वरमाय काहीही म्हणाली तरी मान डोलवायची, असं गोदाक्कांनी ठरवलं होतं.

वरमाय द्वारकाबाई. त्याही बिबटीणच. त्या म्हणाल्या, "आम्हाला काही नको हो. फक्त रुखवतात एक कपाट ठेवा. दुधात कालवलेल्या रंगाचं, हिरवं. सध्या सगळीकडे तेच आहे. पण रंग एकसारखा हवा. आमच्या घराण्यात डाग चालत नाही."

नाकापासून शेपटापर्यंत ठिपकेच ठिपके असलेली बाई असं कसं म्हणाली, हे मला विचारू नका. वरमायांना असलं काही विचारायचं नसतं.

गोदाक्कांनी मान डोलवली आणि भिवबा शेकरूला बोलावलं. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. भिवबाला ब्रश विकत घ्यावा लागत नसे, तो मागे लटकलेलाच होता. त्यामुळे तो फार शिष्ट होता.

दूध रानगव्याच्या बायकोनं दिलं. दारात बिबटीण उभी असताना "आज जरा कमी आहे" कोण म्हणणार? भिवबानं दूध नासवलं, गाळलं. त्यात शिंपल्यांचा चुना आणि नदीकाठची हिरवी माती कालवली.

"ऐकून ठेवा," तो म्हणाला. "सगळा रंग एकदाच कालवायचा. दुसऱ्यांदा कालवला की दुसरा हिरवा होतो. ढवळत राहायचं, नाहीतर माती तळाला बसते. हात पातळ द्यायचा. आणि वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही."

"बरं बाबा," गोदाक्का म्हणाल्या.

पण बाळांनो, बिबट्यांत एक रीत होती. मुलीबरोबर जी वस्तू सासरी जाते, तिला घरातल्या प्रत्येक सवाष्णीचा पंजा लागावा लागतो. हळद लावतात ना, तसा. भिवबानं पहिला हात दिला आणि आत्याबाई पुढे आल्या. त्यांनी ओल्या रंगावर पंजा फिरवला. मामी म्हणाल्या, "मी काय परकी आहे?" त्यांनी दोन्ही पंजे फिरवले. काकूंना हंड्यातला हिरवा फिका वाटला, म्हणून त्यांनी घरून वेगळा कालवून आणला. मावशी फक्त बघायला आल्या होत्या, पण टेकून उभ्या राहिल्या.

भिवबा झाडावर जाऊन बसला. "माझं नाव सांगू नका," तो वरून म्हणाला.

द्वारकाबाई कपाट पाहायला आल्या. त्यांनी एक फेरी मारली. "हे कपाट आहे की आमचे मामंजी?" त्या म्हणाल्या. "रंग नीट झाला तर लग्न, नाहीतर राहिलं."

आता मात्र गोदाक्का उठल्या. त्यांनी रंग खरवडून काढला. आत्याबाईंना घरी पाठवलं. मामींनाही. काकूंना तर त्यांच्या रंगासकट. मावशी हलेनात, तेव्हा त्या मावशींवर गुरगुरल्या. सख्ख्या बहिणीवर.

भिवबा खाली उतरला. त्यानं नवा रंग एकदाच कालवला, ढवळत राहिला, पातळ हात दिला. वाळू दिला. दुसरा हात दिला. कपाट असं झालं की त्याच्यावर नजर ठरेना. भिवबानं स्वतःचीच शेपटी कुरवाळली.

लग्नाच्या दिवशी कपाट करवंदीच्या जाळीजवळ मांडलं. द्वारकाबाई आल्या. "कुठंय कपाट?"

"हे काय, इथंच..." गोदाक्का म्हणाल्या आणि थांबल्या. हिरव्या जाळीत हिरवं कपाट. ना कुठे डाग, ना कुठे पट्टा. खुद्द भिवबालाही सापडेना. "याला म्हणतात काम," तो पुटपुटला.

"कपाट कुणी पाहिलंय?" द्वारकाबाईंनी पाहुण्यांना विचारलं.

"आम्हाला कुठं पाहू दिलं?" आत्याबाई म्हणाल्या. मामींनी आकाशाकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मुळात केलं होतं का, देव जाणे." मावशी फार समाधानानं पंजा चाटत बसल्या.

"मोडलं लग्न," द्वारकाबाई म्हणाल्या.

गोदाक्का तिथंच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. तिसरं स्थळ होतं हो. तुम्ही हसताय, पण त्या माउलीचं काय झालं असेल याचा विचार करा.

द्वारकाबाई तरातरा निघाल्या आणि चार पावलांवर त्यांचं नाक कशावर तरी आपटलं. त्या धक्क्यानं करवंदीच्या जाळीला एक दार उघडलं. आत केतकी बसली होती. शेजारी नवरा मुलगा होता. दोघांच्या गळ्यात हार होते.

"हे काय?" द्वारकाबाईंनी नाक चोळत विचारलं.

"आमचं लागलं मघाशीच," केतकी म्हणाली. "इथं कुणी येत नव्हतं, म्हणून पटकन उरकलं. आई, रडू नकोस. आणि सासूबाई, दार तेवढं ओढून घ्या."

तात्पर्य: शुभकार्याला सर्वांचा हात लागावा, असं थोर माणसं सांगतात. लागू द्यावा. फक्त तेवढा वेळ नवरा-नवरीनं कपाटात बसावं.