वरडू नका, ऐकू येत न्हाय

नागूमामांशी भांडायला कोणी आलं, की ते त्याला आधी दारातल्या उजेडात स्टुलावर बसवतात, स्वतः समोर बसतात आणि म्हणतात, "वरडू नका, ऐकू येत न्हाय."

ही थट्टा नव्हे. भवानी पेठेत यंत्रमागावर चादरी विणता विणता त्यांचे कान गेले. त्या खडखडाटात सगळेच कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. मामा अजूनही तसंच ऐकतात. माणूस चिडून ओरडला की त्याचं तोंड वाकडं होतं आणि मामांना एक अक्षर कळत नाही.

मागच्या महिन्यात, नळाला पाणी आलं त्या दिवशी, शेजारच्या कमलमावशी तावातावाने आल्या. मामांनी मोटर लावली होती आणि मावशींच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती.

"माणूस हाय का कोण तुमी!"

"न्हाय कळलं. परत."

"काय लाज वाटती का?"

"नुसते दात दिसायलेत. सावकाश बोला की."

तिसऱ्यांदा मावशींनी एकेक शब्द सुटा केला, "माजं... पिंप... भरलं... न्हाय." इतकं हळू भांडता येईना, म्हणून त्यांनाच हसू फुटलं.

"व्हय की. चूक माजी," म्हणत मामांनी मोटर बंद केली आणि भरलेल्या दोन घागरी त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या.

मी समोरच्याच घरात राहते; माझं त्यांच्याशी छान जमतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलताना शब्द शोधते, आवाजही बारीक. नातेवाईक म्हणतात, "जरा मोठ्यानं बोल की गं!" मामा म्हणतात, "ही पोरगी लई साफ बोलती."

मामी गेल्यापासून ते एकटेच असतात. लेक शोभाताई नाशिकला. दर रविवारी तिचा फोन येतो. घरी आली की मामा तिचं सगळं समोर बसून ऐकतात, त्यामुळे कान पुरते गेलेत याचा तिला पत्ताच नव्हता. मामांनीही सांगितलं नव्हतं.

एका रविवारी मी डबा परत द्यायला गेले. मामा फोन गालाशी धरून बसले होते. "हां... बरं... हां." फोनचा आवाज एवढा मोठा, की मला दारातून सगळं ऐकू आलं.

"बाबा, कधीपासून तुम्ही नुसतं हां हां करताय. माझ्याशी बोलायचंच नसेल तर सांगा. नाही करत मी परत फोन."

मामा हसून म्हणाले, "हां. बरं."

मी त्यांच्या हातातून फोन ओढला.

"ताई, ठेवू नका! त्यांना ऐकू येत नाही!" इतकी ओरडले, की कमलमावशी धावत आल्या.

पलीकडून हळूच, "अगं, मग ते फोन घेतात कशाला?"

मी मामांकडे वळून तेच विचारलं. त्यांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"ती बोलायली की फोन गरम व्हतो. लेक बोलायलीय, एवढं कळतं. बास की."

फोन चालूच होता. शोभाताईने ते ऐकलं.

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय म्हनती?"

"रडतायत," मी म्हटलं. "मधेच हसतायतपण."

"व्हऊ दे," मामा म्हणाले. "दोन्ही व्हऊ दे तिचं. गडबड न्हाय."