ढोले बाबूचं विद्यापीठ

विद्यापीठाचं उपकेंद्र म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं, मले मालूम हाये. मोठी कमान, कारंजं, झाडाखाली वाचत बसलेल्या पोरी. पुसून टाका सगळं. आमचं उपकेंद्र पिपरी मेघेत, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत हाये. गिरणी चालू झाली की आख्खं उच्च शिक्षण थरथरते.

टेबल एक, खुर्च्या चार अन् माणूस एकच, ढोले बाबू. खिडकीकडची खुर्ची म्हणजे प्रवेश विभाग, दाराकडची परीक्षा, पंख्याखालची ग्रंथालय अन् हात तुटलेली विद्यार्थी कल्याण. प्रवेशाच्या खुर्चीत असताना परीक्षेचं विचारलं की बाबू म्हणतात, "तो माह्या विभागाचा विषय नाई. तिकडं विचारा." मग उठतात, चष्मा पुसतात, दाराकडच्या खुर्चीत जाऊन बसतात. "हं, बोला. काय काम हाये?"

एका विभागातून दुसऱ्याले पत्रही धाडतात. लिहायचं, टेबलावरून सरकवायचं, पलीकडं जाऊन वाचायचं. एकदा वाचता वाचता कपाळावर हात मारून म्हणाले, "या प्रवेशवाल्याले काही अक्कल नाई!"

मागच्या साली गिरणीवाल्यानं एक जुना स्टूल वर आणून टाकला. बाबूनं त्याच्यावर खडूनं 'क्रीडा विभाग' लिहिलं अन् भेटन त्याले सांगत सुटले, "विद्यापीठ वाढून राह्यलं ना बाप्पा!"

आता असा माणूस समोर असल्यावर त्याची नक्कल नाई करायची त काय करायचं? परीक्षेच्या फॉर्मची प्रिंट जमा करायचा शेवटचा दिवस होता. टाइम पाच वाजेपर्यंत. लाइन पार जिन्यात. पोरं म्हणे, "ढोले बाबू करून दाखव ना बे!" झालं, म्या सुरू केलं. तीन पायऱ्या म्हणजे तीन विभाग. या पायरीवर "नियमात बसत नाई!", त्या पायरीवर "तिकडं विचारा!" पोरं पोट धरून हसून राह्यले. माहा नंबर आला की मी म्हणो, "तू हो पुढं, मी एवढं दाखवतो."

सगळे पुढं झाले. जिन्यात मी एकटाच उरलो. आत गेलो.

"पाच वाजून सात मिनिटं," परीक्षा विभाग म्हणाला. "नियमात बसत नाई."

"बाबू, वर्ष जाईन ना माह्यं!"

"परीक्षा विभाग काय करन? तिकडं विचारा."

बाबू उठले, हात तुटलेल्या खुर्चीत बसले. आवाज एकदम मऊ. "काय झालं बेटा?" म्या सांगितलं. त्यायनं विनंतीचं पत्र लिहिलं, सरकवलं, पलीकडं जाऊन वाचलं अन् परत सरकवलं. "नामंजूर."

कल्याणात आले. "साहेब, पोरगं हिंगणीहून येते."

परीक्षेत गेले. "येऊ द्या. घड्याळ सगळ्यायले एकच."

"सात मिनिटासाठी साल खाता त्याचं?"

"आवाज खाली!"

"नाई करत!"

बाबूले घाम फुटला. टेबलाभोवती पळून पळून दम लागला. खाली गिरणी बंद झाली होती. शेवटी परीक्षा विभाग खुर्चीत टेकला, चष्मा काढून पुसला. मग शिक्का उचलला अन् मारला.

माह्या जिवात जीव आला. म्हटलं, "बाबू, कल्याणवाला भारी निघाला बरं!"

बाबू उठले. कोणत्याच खुर्चीत गेले नाई, सीधे माह्यापुढं येऊन उभे राह्यले.

"दात काढू नको! बी.ए.च्या शेवटच्या सालचा फॉर्म घेऊन मी नागपूरले गेलतो. बस रस्त्यात बंद पडली. पोहोचलो त खिडकी बंद झालेली. आतल्या आत माह्यासाठी भांडाले कोणी नव्हतं तिथं. तसाच घरी आलो, पुन्हा गेलोच नाई. अन् तू? दारात विद्यापीठ आणून ठेवलं त तू जिन्यात तमाशा करून राह्यला? पुढच्या टाइमले पहिल्या दिवशी येजो, नाई त तंगडं तोडीन! अन् आता उभा काऊन हायेस? पळ! हिंगणीची गाडी काय तुह्यासाठी थांबन?"