ढवळूबाबाची गार पाठ

दाभोशाचा धबधबा बघायला माणसं मुंबईहून येतात, माझ्या डाव्या पायासाठी थेट मोखाड्याहून! धबधबा उन्हाळ्यात आटतो, माझा पाय बारमाही. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले, एवढ्याच भांडवलावर लोकांच्या पाठीत भरलेली उसण पाय लावून उतरवतो. बाकीचा वेळ शाळेत विज्ञान शिकवतो. मणक्यांचा धडा तर माझ्या हातचा मळ. दोन्ही खाती मी कटाक्षाने वेगळी ठेवली आहेत. पगार विज्ञानाचा आणि कोंबडी पायाची, असं आमच्या बायकोचं, उज्ज्वलाचं, मत.

भाद्रपदातल्या एका दुपारी साखरशेतचा सावळा आला. धुकं एवढं, की आधी आवाज पोचला, माणूस मागाहून. त्याचा बाप ढवळूबाबा सकाळी नाचणीच्या शेतात वाकला, आणि पाठीत कळ येऊन तिथंच बसला. उसणच आहे, सावळा म्हणाला. कळ कुठं, कशी, मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत.

रीत अशी, की दुखणेकऱ्याने उंबऱ्यात पालथं पडायचं, पायाळूचं तोंड बघायचं नाही, आणि पाय लागून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. बोललं की गुण जातो.

सावळ्याने भाड्याने आणलेली जीप सडकेवर उभी करून आम्ही पायवाटेने निघालो. घर धुक्यातून एकदम समोर आलं. एरवी मला बघून कुत्री भुंकतात. इथलं कुत्रं ओट्याखाली शिरलं आणि नुसतं बघत राहिलं. सावळ्याची बायको पुतळी तोंडाला पदर लावून भिंतीला टेकलेली. उंबऱ्यात ढवळूबाबाची उघडी पाठ, त्यापलीकडे अंधार. मी चप्पल काढली, पाय टेकवला.

पाठ गार होती. नदीतल्या दगडासारखी गार आणि ओली.

आजवर माझ्या पायाखालून गेलेल्या सगळ्या पाठी गरम होत्या, कण्हत होत्या. ही हललीसुद्धा नाही. मी प्रेताला लाथ मारली की काय! तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी फडफडलं. टोपलीखाली झाकलेल्या कोंबडीसारखं. थांबलं. पुन्हा फडफडलं.

तिथं पहिल्यांदा माझी दोन खाती एकमेकांत मिसळली.

"बाबा, कळ कुठंय?" मी विचारलं.

मी देवळात थुंकलो असल्यासारखं सावळ्याने माझ्याकडे पाहिलं. म्हातारा गप्प. मरायला तयार होता, रीत मोडायला नव्हता.

"मी बोललो, म्हणजे गुण गेलाच," मी म्हणालो. "आता तुम्ही बोललात तर काय बिघडतंय?"

हा युक्तिवाद त्याला पटला.

"दोन खांद्यांच्या मधी," तो उंबऱ्याला म्हणाला. "तिथनं डाव्या हातात उतरतं. जबड्यात पण."

"मग सकाळपासून सांगितलं का नाही?"

"बोलायचं नसतं ना."

सावळा म्हणे, पुन्हा पाय लावा. हृदय वगैरे सांगत बसलो असतो तर म्हातारा तिथंच गेला असता. माझा पाय पोचतो त्याच्याही आत बसलंय हे, एवढंच मी म्हणालो. ते ऐकून पुतळीनेच घोंगडी ओढली. घोंगडीची झोळी केली, जीप गाठली, जव्हार गाठलं. तिथून बाबाला नाशिकला हलवलं. अजून तासभर गेला असता तर हाती काही लागलं नसतं म्हणे. बाबा वाचला. सध्या नाचणी राखत बसतो आणि सगळ्यांशी भरपूर बोलतो.

बाबा घरी परतल्यावर जव्हारच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. पाठीत कळ म्हणजे उसणच, हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणाले. स्नायू आखडतो, मणक्यांमधली गादी सरकते, मुतखडा असतो, नागीण अंगावर उठायच्या आधी अशीच ठणकते. आणि घाम फुटला, धाप लागली, कळ हातात उतरली, तर तिथं पाय नाही, गाडी लागते! मी मान खाली घालून ऐकलं. यापुढे कुणाच्या पाठीवर पाय उचलणार नाही, असा शब्द दिला.

डॉक्टर उठले. दाराला कडी घातली. खिडकीला धुकं येऊन चिकटलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी शर्ट वर सरकवला आणि तपासायच्या टेबलावर हळूच पालथे पडले.

मी त्या पाठीकडे बघितलं. मग चप्पल काढली.

"घाम येतोय का?" शिकल्याप्रमाणे मी विचारलं. "हातात उतरतंय?"

"बोलू नका हो, गुरुजी," डॉक्टर टेबलाला म्हणाले. "गुण जातो."