चालू स्थितीतला बंद कॉम्प्युटर

खोटं बोलायचं नाही, असा मांडणीकाराचा लहानपणापासूनचा नियम होता. त्यामुळे त्याला जन्मभर शब्द फार जपून वापरावे लागले. एका मंगळवारी दुपारी तीन वाजता त्याने असाच एक शब्द जपून निवडला, सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि पुढचे दोन महिने तोच शब्द निस्तरत बसला.

मांडणीकार म्हणजे भांड्यांच्या मांडण्या ठोकणारा नव्हे. (शेजारी नव्याने आलेल्या एका बाईंनी त्याला स्वयंपाकघराचं माप घ्यायला बोलावलं होतं, आणि भिडस्त स्वभावामुळे तो टेप घेऊन गेलाही होता.) हा पुस्तकांची पानं लावायचा. लेखकाचा मजकूर घ्यायचा, समास सोडायचा, ओळी सारख्या करायच्या, पानांच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव बसवायचं आणि सगळं छापखान्याकडे धाडायचं. काम घरच्या घरी, जिन्यालगतच्या खोलीत. आणि ज्यावर काम करायचा तो कॉम्प्युटर म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याला वेगळा डबा नाही, तारांचं जंजाळ नाही, सगळं यंत्र पडद्याच्याच पोटात. पडदा एवढा मोठा की समोरासमोरची दोन पानं शेजारी शेजारी ऐसपैस बसायची आणि वर हात-दोन हात जागा उरल्यासारखी वाटायची. आमच्या घरातली सगळ्यात मोठी खिडकी हीच, असं बायको म्हणायची.

या खिडकीवर हक्क सांगणारं घरात आणखी एक माणूस होतं. ते म्हणजे सासरे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले तेव्हा डोळे पार थकले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही फार टिकायची नाही. वर्षभरात, अक्षर मोठं करून, जेवढं वाचवेल तेवढं वाचून घ्या. छापलेल्या पुस्तकातलं अक्षर सासऱ्यांना लागत नव्हतं. पण मोठ्या पडद्यावर अक्षर लिंबाएवढं केलं की ते लहान मुलासारखे खूश होऊन वाचायला लागायचे. म्हणून रोज तीन ते चार हा तास त्यांचा ठरला होता. आणि वाचायला असायचं काय, तर मांडणीकाराने सकाळी लावलेली पानं.

मेख होती ती इथेच. सासरे नुसते वाचत नसत, चुका काढत. एकदा म्हणाले, की सत्तेचाळीसाव्या पानावर जो गृहस्थ वारला तो एकावन्नाव्या पानावर चहा कसा पितो, तेवढं बघा. मांडणीकाराने बघितलं, तर चार पानं खालीवर लागलेली. अशाने छापखान्यात त्याची लाज कितीदा राखली गेली, याची गणती नाही. पण चार वाजता खुर्चीतून उठताना सासरे "आज फक्त सहा" असं म्हणायचे ना, ते त्याच्या वर्मी लागायचं. आपण जावई आहोत, आणि जावयाच्या चुका कोणी मोजत नाही, अशी त्याची समजूत होती.

तर त्या मंगळवारी सकाळी बातमी आली. कंपनीने हा मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर बनवणं थांबवलं होतं. यापुढे लहान पडद्याचाच मिळेल, ज्यांना मोठा हवा त्यांनी आपलं बघावं, अशा मतलबाचं काहीतरी गोड भाषेत लिहिलं होतं. मांडणीकार जेवला नाही. (दीड वाजता जेवला.) त्याने स्वतःच्या रुमालाने पडदा पुसला आणि विचार करत बसला. याच्यामागे आता दुसरा नाही. उद्या काही बिघडलं तर सुटा भाग मिळायचा नाही. तेव्हा याला जपायला हवं. यंत्र झिजतं कशाने, तर वापराने. आपला वापर म्हणजे काम, ते तर टाळता येत नाही. मग टाळता येण्याजोगा वापर कोणता?

तेवढ्यात घड्याळात तीन वाजले आणि सासरे चष्मा पुसत आत आले.

"बाबा," मांडणीकार म्हणाला, "कॉम्प्युटर बंद झाला."

"बंद पडला?"

"पडला नाही. बंद केला. कंपनीने."

"आपला?"

"सगळ्यांचाच."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे त्याने मनातल्या मनात दोनदा तपासून घेतलं. सासऱ्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मग तुमचं काम कसं चालायचं, जावईबापू?" स्वतःच्या वाचण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खरं सांगून टाकायचं तर ते याच घडीला सांगायला हवं होतं. पण मांडणीकार पुन्हा पडदा पुसायला लागला, आणि सासरे आपल्या खोलीत निघून गेले.

संध्याकाळी बायकोच्या कानावर गेलं. ती रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर असते. तिथे 'कंपनीने बंद केलं' हे वाक्य ती दिवसातून दहादा स्वतः बोलते, आणि तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच: हळहळत बसू नका, पर्याय शोधा. दुसऱ्याच दिवशी तिने पर्याय आणला. रुग्णालयाने टाकून दिलेला, वहीएवढ्या पडद्याचा एक लॅपटॉप. मोठ्या कॉम्प्युटरवर तिने स्वतःच्या हाताने जुनी चादर घातली आणि सवडीने भंगारात देऊ म्हणाली. भंगार हा शब्द ऐकून मांडणीकाराने चादरीचं टोक नीट खोचलं. पण नियम म्हणजे नियम. तो खोटं बोलला नव्हता, तेव्हा खरं सांगायचं तरी काय?

खालच्या मजल्यावरचे म्हातारे पोस्टमास्तर समाचाराला आले. चादरीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि किती वर्षांचा होता म्हणून विचारलं. सात, असं कळल्यावर फार लवकर गेला म्हणाले, आणि पाणी न पिता गेले.

आता गंमत बघा. आधी सासऱ्यांना एक तास मिळायचा आणि बाकीचा सगळा दिवस मांडणीकाराला. आता बायको कामावर असायची तेव्हा सासरे घरात, आणि सासरे फिरायला जायचे ते फक्त पाच ते सहा. म्हणजे मांडणीकाराच्या वाट्याला तो एक तास उरला आणि बाकीचा दिवस चादरीला मिळाला. पाचला दार लागलं की चादर बाजूला, सहाला जिन्यात पाऊल वाजलं की यंत्र बंद, चादर वर, आणि हा वहीएवढ्या पडद्यापुढे नाक खुपसून बसलेला. पन्नाशीच्या गृहस्थाने स्वतःच्या घरात स्वतःच्या कॉम्प्युटरवर चोरून काम करावं, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

एकदा सासरे दहा मिनिटं आधी परतले. सरळ खोलीत आले आणि चादरीवर हात ठेवला. घड्याळजीचा हात तो, जिथे ठेवायचा तिथेच ठेवला.

"गरम लागतोय," ते म्हणाले.

"ऊन येतं ना खिडकीतून."

"येत असेल."

(त्या खिडकीतून ऊन फक्त सकाळी यायचं. आणि हे सासऱ्यांइतकं त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण सकाळी ते तिथेच खुर्ची टाकून बसायचे.)

त्यानंतर सासरे साडेसहाच्या आत कधी घरी आले नाहीत. येताना जिन्यातूनच जोरजोरात खोकायचे, थांबायचे, पुन्हा खोकायचे, मग दार उघडायचे. मांडणीकाराला त्यांची काळजी वाटायला लागली. त्याने बायकोला सांगून खोकल्याचं औषध आणवलं आणि रोज स्वतः दोन चमचे काढून दिलं. सासऱ्यांनी ते मुकाट्याने घेतलं.

दुपारी तीनला ते आता जुनं भिंग डोळ्याला लावून पुस्तक घेऊन बसायचे. एकेक अक्षर बघत सुरुवातीला तासाला एक पान व्हायचं. पुढे अर्धं व्हायला लागलं. दुसऱ्या महिन्यात पुस्तक मांडीवर मिटलेलंच असायचं आणि ते त्यावर हात ठेवून बसलेले असायचे. मांडणीकाराला हे दिसत होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणंही आठवत होतं. रोज तो ठरवायचा की उद्या सांगू, आणि उद्याला तोटा कधीच नसतो.

अशात गौरवग्रंथाचं काम आलं. एका शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. छत्तीस वर्षं त्यांनी भाषा शिकवलेली. माजी विद्यार्थ्यांनी लेख जमवले होते आणि ग्रंथाला नाव दिलं होतं 'कृतज्ञता'. घाईचं काम, दोनशे बारा पानं, म्हणून दिवसभर लॅपटॉपवरच लावावी लागली. पानाच्या डोक्यावरचं नाव एकदा टाइप केलं की सगळ्या पानांवर आपोआप बसतं. लॅपटॉप अतिउत्साही. 'कृत' एवढं लिहिलं की पुढचे शब्द तोच सुचवायचा. मांडणीकाराने सुचवलेल्यातला एक उचलला. दोन पानं शेजारी शेजारी लावली की त्या पडद्यावर अक्षरं तिळाएवढी व्हायची, आणि तिळाएवढ्या अक्षरात ज्ञ काय आणि घ्न काय. ग्रंथ छापून आला. मुखपृष्ठ चित्रकाराने हाताने केलं होतं, ते अगदी बरोबर होतं.

समारंभाला बायको आणि सासरेही आले. मोठ्या बाईंनी व्यासपीठावर चष्मा लावून ग्रंथ उघडला. एक पान उलटलं, मग दुसरं, मग एकदम पाच-सहा. मग त्या माइकजवळ आल्या.

"या मुलांना मी छत्तीस वर्षं ज्ञ आणि घ्न यांतला फरक शिकवला," त्या म्हणाल्या. "माझा निकाल पानोपानी लागलेला दिसतोय."

आधी कोणालाच कळलं नाही. मग सभागृहभर पानं उलटल्याचा आवाज झाला. दोनशे बारा पानांच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'कृतघ्नता' लिहिलेलं होतं आणि खाली आपल्या बाईंविषयी भरभरून मजकूर होता. हशा पिकला. बाईही हसल्या, मनाने मोठ्या होत्या. पण ग्रंथ मिटताना मुखपृष्ठावरून त्यांनी दोनदा हात फिरवला, ते बघून मांडणीकाराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काय झालं म्हणून सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा लेकीने त्यांच्या कानात सांगितलं. ते हसले नाहीत.

"मी नव्हतो ना बघायला," एवढंच म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, खरोखरीची हळहळ होती. मांडणीकाराला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोला सुट्टी होती. तीन वाजता मांडणीकाराने दोघांना खोलीत बोलावलं, चादर ओढून काढली आणि बटण दाबलं. मोठा पडदा उजळला.

"हा पहिल्यापासून चालूच होता," तो म्हणाला. "बाबा, मी तुम्हाला फसवलं. तुमचे दोन महिने खाल्ले."

बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं, की आता याच्या बदली पर्याय कोणता मिळेल.

"मला ठाऊक होतं," सासरे म्हणाले. "खोकून खोकून घसा बसला माझा. त्यात ते औषध किती कडू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं पोट त्यावर. माझा काय, विरंगुळा."

 मांडणीकाराने सासऱ्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉपवरून सकाळीच आणून ठेवलेलं गौरवग्रंथाचं पहिलं पान लिंबाएवढ्या अक्षरात लावलं. सासरे पुढे वाकले. अजून मोठं करा म्हणाले. त्याने नारळाएवढं केलं. अजून, म्हणाले. करता करता त्या अफाट पडद्यावर एक अख्खं अक्षरही मावेना. सासऱ्यांनी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं, मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"नुसतं काळं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले.

 दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून हा माणूस दिवसाला वीस पानं वाचत होता. गेलेले ते दिवस कोणतीही कंपनी पुन्हा बनवणार नव्हती, आणि ते बंद करणारा या खोलीतच उभा होता.

"मी वाचून दाखवतो," मांडणीकार म्हणाला. "रोज तीन ते चार. तुम्ही फक्त ऐका."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटून टेकून बसले. मांडणीकाराने अक्षर पुन्हा लहान केलं, स्टूल ओढलं, डोळे पुसले, आणि पानाच्या अगदी वरून सुरुवात केली.

"कृतघ्नता."

"ते पानं लावणाऱ्याचं नाव झालं, जावईबापू," सासरे म्हणाले. "आता पुस्तक वाचा."