थांबण्याचा रकाना

साडेपाचशे अश्वशक्तीची मोटार पळवण्याजोगी जागा वाशीम जिल्ह्यात नाही, ही गोष्ट हेमसिंग कंत्राटदाराला मोटार घेतल्यावर कळली. पुण्याहून आणलेली ती लालभडक स्पोर्ट्‌स कार जमिनीला पोट घासत चालायची. कारंजाच्या रस्त्यावर पहिल्याच गतिरोधकावर ती अडकली आणि चौघांनी तिला उचलून पलीकडे ठेवलं. तो रस्ता हेमसिंगनेच बांधलेला असल्यामुळे तक्रारीलाही जागा उरली नाही.

"इले पयवाले मोकयी जागा पायजे," तो म्हणाला.

अशी जागा एकच होती. धनजच्या वाटेवरचं शंकरपटाचं मैदान, जिथे दर माघात बैलजोड्यांच्या शर्यती होतात. पट समितीने होकार दिला. सुरक्षेची जबाबदारी तहसील कचेरीतल्या संघपाल कारकुनावर आली, कारण रस्ता सुरक्षा सप्ताहात भाषण करणारा तालुक्यात तोच एक. 'वेग आवरा' हे भाषण तो नऊ वर्षं करत होता, आणि नवल म्हणजे त्याला ते पटतही होतं.

परवानगीचा छापील अर्ज बैलांचा होता. संघपालने तोच भरला. रंग : तांबडा. वय : दोन वर्षं. 'दात किती' या रकान्यात त्याने 'लागू नाही' लिहिलं, तर वरून अर्ज परत आला. मग पशुवैद्य आले. त्यांनी मोटारीचं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि दाखला दिला : 'जनावर निरोगी. मारकं नाही. रवंथ करताना आढळलं नाही.' शेपूट पिरगाळणार नाही आणि पराणी टोचणार नाही, असं प्रतिज्ञापत्र हेमसिंगने सही करून दिलं.

राहिला सुरक्षा आराखडा. संघपालने गेल्या वर्षीचाच घेतला आणि 'बैलजोडी' खोडून तिथे तिथे 'वाहन' लिहिलं. त्यामुळे सातवं कलम असं झालं : 'पटाच्या टोकाला चार धडधाकट गडी उभे राहून वाहन आवरतील.' आपलीही काही अक्कल दिसावी म्हणून त्याने शेवटी एक कलम पदरचं घातलं : 'चालकाशेजारी सुरक्षा निरीक्षक बसेल.' वरिष्ठांना ते फार आवडलं. निरीक्षक म्हणजे आपणच, हे संघपालच्या ध्यानात आलं तेव्हा आदेश निघून गेला होता.

"नाई म्हना ना सरळ!" सरिता, त्याची बायको, म्हणाली.

"गाव हासन."

"हासू द्या. तुमचं काई बरंवाईट झालं तं मी अन् आपल्या पोरीनं, मंजुषानं, कोनाच्या तोंडाकडे पाहावं?"

संघपालला भीती वाटत होती. पण मरणाची थोडी आणि लोकांच्या हसण्याची जास्त. ठरल्या दिवशी तो जाऊन मोटारीत बसला.

"हेमसिंगभाऊ, याच्या आधी जोरात पयवली हाये ना तुमी?"

"कुठी पयवू? दुसऱ्या गिअरच्या पुढं अजून गेलोच नाई."

तेवढ्यात झेंडा पडला.

पट कुठे संपतो हे बैलाला कळतं. पुढे नांगरलेलं वावर दिसलं की तो आपसूक ढिला पडतो. म्हणून अर्जात थांबण्याचा रकाना कधी नव्हता, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नव्हती. टोकाच्या चार गड्यांनी समोरून येणारी मोटार पाहिली आणि पूर्ण आराखड्यातला पहिला शहाणपणाचा निर्णय घेतला. ते पळाले. मोटार पट ओलांडून, वावर ओलांडून, सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगातून आरपार गेली आणि बाभळीला थांबली. हेमसिंगचा एक दात गेला. संघपालचा उजवा पाय दोन जागी मोडला.

चौकशी तत्परतेने झाली. कलम सातनुसार वाहन न आवरल्याबद्दल चारही गड्यांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या.

दवाखान्यात माणसांची रीघ लागली. पट समितीचे अध्यक्ष भाऊसिंग केळी घेऊन आले आणि खाटेवर टेकत म्हणाले, "संघपालभाऊ, किती पयाली?" कंपाउंडरने तेच विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून तेच विचारलं. शेवटी सरिता कडाडली, "आगा, मानसाचा पाय कसा हाये ते तं इचारा कोनी!" सगळे ओशाळले. प्रत्येकाने पायाची रीतसर चौकशी केली. मग म्हणाले, "पन तरी, किती पयाली असन?"

चौथ्या दिवशी हेमसिंग आला, पाया पडला, रडला. संघपालने शांतपणे ऐकून घेतलं. सरिता चहा आणायला बाहेर गेल्याची खात्री केली, आणि हळूच विचारलं, "भाऊ, काटा कुठवर गेल्ता?"

हेमसिंगने मान खाली घातली. "मी तं डोये मिटले होते."

"मी बी," संघपाल म्हणाला.

मोटारीच्या वेगाच्या काट्याचा बाभळीवर चुरा झाला होता. वेळ मोजणारा घड्याळवाला तर गड्यांच्याही आधी पळाला होता. म्हणजे मोटार किती पळाली हे कुणालाच ठाऊक नाही, आणि आता ते कधी कळायचंही नाही. हे वाचून, मायबाप वाचकहो, तुम्हालाही जराशी चुटपुट लागली असेल. खरं सांगा, ती संघपालच्या पायासाठी लागली का?